तीनशे विरुद्ध शून्य: शिकागो विद्यापीठाचा 1939 चा फुटबॉल हंगाम

ऑक्टोबर 1939 मधल्या एका शनिवारी हार्वर्डने शिकागो विद्यापीठाच्या संघाला 61–0 असं हरवलं. पुढच्याच शनिवारी मिशिगनने 85–0 अशी धूळ चारली. नोव्हेंबर उजाडला आणि व्हर्जिनियाने 47–0, ओहायो स्टेटने 61–0, तर शेवटच्या सामन्यात इलिनॉयने 46–0 अशी वाट लावली. या पाच सामन्यांची बेरीज केली तर ती नेमकी 300–0 भरते. हंगाम संपून महिनाही उलटला नव्हता, तोच 21 डिसेंबरला विद्यापीठाच्या विश्वस्तांनी जाहीर केलं की यापुढे शिकागो आंतरविद्यापीठ फुटबॉल खेळणार नाही.

म्हणजे संघ हरला म्हणून बंद पडला, असं वरवर दिसतं. हे प्रकरण आजवर बहुतेक वेळा तसंच सांगितलं जातं. तारखा नीट लावून पाहिल्या की मात्र क्रम उलटा दिसतो. संघाचं भवितव्य कित्येक वर्षं आधीच, मैदानाबाहेर, अभ्यासक्रमाच्या आणि प्रवेशाच्या बैठकांत ठरत आलं होतं. ते तोंडाने कबूल करायला मात्र कुणी तयार नव्हतं. ती कबुली लांबत गेली आणि लांबल्याची किंमत 1939 च्या पोरांनी मोजली.

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. अंड्यासारखा चेंडू, अकरा विरुद्ध अकरा, पंधरा-पंधरा मिनिटांची चार क्वार्टर्स, चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेला की टचडाउन, त्याचे 6 गुण आणि त्यावर मारलेली किक साधली तर आणखी 1. हे माहीत असलं की पुढचं समजायला पुरे.

मोठ्या घरची पडझड

शिकागो हा काही कुठला तरी दुबळा संघ नव्हता. रॉकफेलरच्या पैशावर विद्यापीठ उभं राहिलं तेव्हाच पहिले प्रेसिडेंट (आपल्या भाषेत कुलगुरू म्हणा) विल्यम रेनी हार्पर यांनी आपला येलमधला जुना विद्यार्थी अमोस अलोन्झो स्टॅग याला बोलावून घेतलं आणि खेळाच्या प्रशिक्षकाला थेट प्राध्यापकवर्गात जागा दिली. त्या काळात हे नवलच होतं. नव्या विद्यापीठाचं नाव गावोगाव पोचवायचं तर जिंकणारा संघ हवा, हा हार्परांचा रोकडा हिशेब होता, आणि तो चुकला नाही. 1892 ते 1932 असे 41 हंगाम स्टॅग यांनी संघ चालवला. बिग टेन या मध्य-पश्चिमेच्या बलाढ्य गटाचं विजेतेपद सात वेळा आणलं. 1905 साली थँक्सगिव्हिंगच्या दिवशी त्यांनी मिशिगनला 2–0 असं हरवलं, तेव्हा मिशिगनची 56 सामन्यांची अपराजित मालिका तुटली. विद्यापीठाच्या मैदानाला स्टॅग यांचं नाव दिलं गेलं ते त्यांच्या हयातीत, ते स्वतः तिथे शिकवत असताना.

1929 साली रॉबर्ट मेनार्ड हचिन्स प्रेसिडेंट झाले. वय वर्षं 30. बुद्धीने तल्लख, जिभेने तिखट, आणि विद्यापीठ ही फक्त विचार करण्याची जागा आहे या मताचे. त्याच वर्षी कार्नेगी फाउंडेशनचा महाविद्यालयीन खेळांवरचा अहवाल आला. तपासलेल्या 112 संस्थांपैकी खेळाडूंना कुठल्याही आडमार्गाने पैसा देत नाहीत अशा फक्त 28 सापडल्या. त्या 28 मध्ये शिकागो होतं. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते, कारण बाकीच्यांनी जे चालवलं होतं ते शिकागोने करायला नकार दिला आणि तरीही त्यांच्याशीच खेळत राहिलं.

1931 पासून हचिन्स यांच्या काळातली नवी शिक्षणयोजना लागू झाली. वर्गात हजेरी सक्तीची नाही, पण वर्षाअखेरीस सर्वसमावेशक परीक्षा. भौतिक, जैविक, सामाजिक शास्त्रं आणि मानव्यविद्या यांचा पाया सगळ्यांनी पक्का करायचा. शेजारच्या सरकारी विद्यापीठांत शारीरिक शिक्षणाची पदवी होती. धष्टपुष्ट पण पुस्तकाशी फारसं सख्य नसलेल्या मुलाला तिथे निभावून नेता येई. शिकागोत तशी पळवाटच नव्हती. ज्या मुलाला दुपारी चिखलात लोळून रात्री परीक्षेची तयारी झेपेल तोच इथे येणार, आणि तसे किती निघणार?

1932 च्या हंगामानंतर स्टॅग सत्तरीचे म्हणून त्यांना निवृत्त करण्यात आलं. अपवाद करा म्हणून माजी विद्यार्थ्यांनी आग्रह धरला, हचिन्स बधले नाहीत. म्हातारा मात्र खमका. तो कॅलिफोर्नियात कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये जाऊन पुन्हा प्रशिक्षक झाला, आणि 1938 साली आपलं पोरगेलं पथक घेऊन स्टॅग फील्डवर उतरला. आपल्याच नावाच्या मैदानावर, आपण 41 वर्षं पोसलेल्या संघाला त्याने 32–0 असं हरवलं. विश्वस्तांना इशारा हवा असेल तर याहून मोठा कुठला मिळणार होता, मला सांगता येत नाही.

शॉनेसी यांची सात वर्षं

स्टॅग यांच्या जागी आले क्लार्क शॉनेसी. न्यू ऑर्लिन्समधल्या ट्युलेन आणि लोयोला विद्यापीठांत नाव कमावलेला, डोक्यात सतत डावपेचांच्या आकृत्या फिरवणारा माणूस. पहिली तीन वर्षं त्यांनी तोल सांभाळला. 1933 ला तीन विजय, तीन पराभव, दोन बरोबरी. पुढची दोन वर्षं चार-चार. याला कारण होता जे बरवँगर नावाचा खेळाडू. 1935 साली न्यूयॉर्कच्या डाउनटाउन अ‍ॅथलेटिक क्लबने देशातल्या उत्कृष्ट खेळाडूसाठी करंडक सुरू केला. पुढे तोच हाइजमन ट्रॉफी म्हणून गाजला. त्याचा पहिला मानकरी शिकागोचा बरवँगर. त्याला अडवताना मिशिगनच्या एका खेळाडूच्या डोळ्याखाली जखम झाली आणि तिचा व्रण आयुष्यभर राहिला. तो खेळाडू म्हणजे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड.

बरवँगर पदवी घेऊन बाहेर पडला. व्यावसायिक लीगच्या पहिल्यावहिल्या निवड यादीत पहिलं नाव त्याचंच होतं. तो तिकडे खेळलाच नाही, नोकरी-धंद्याला लागला. हचिन्स यांना अभिप्रेत असलेला विद्यार्थी-खेळाडू म्हणतात तो हाच, आणि असा मुलगा दरवर्षी मिळत नसतो हेही यातच आलं. पुढचे आकडे पाहा: 1936 ला 2 विजय 5 पराभव, 1937 ला 1 आणि 6, 1938 ला पुन्हा 1 आणि 6. उतरण चालू असल्याचं कळायला 1939 ची वाट पाहायची गरज नव्हती.

हचिन्स यांना ते कळत होतंच. डिसेंबर 1938 मध्ये त्यांनी ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या खपाऊ साप्ताहिकात लेख लिहून महाविद्यालयीन फुटबॉलच्या धंद्यावर कोरडे ओढले. उपायही सुचवले: तिकीट दहा सेंटवर आणा म्हणजे पैशाचा मोह संपेल, आणि प्रशिक्षकांना प्राध्यापकांसारखी कायम नोकरी द्या म्हणजे जिंकलंच पाहिजे ही टांगती तलवार जाईल. उपाय चोख होते. प्रश्न इतकाच, की हे लिहिणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या विद्यापीठाचा संघ पुढच्या वर्षी मिशिगन, ओहायो स्टेट आणि हार्वर्डशी खेळणार होता, त्याचं काय?

तो हंगाम

युरोपात महायुद्धाला तोंड फुटून महिना होत आला असताना, सप्टेंबरच्या अखेरीस शिकागोचा पहिला सामना झाला. समोर विस्कॉन्सिनचं बेलॉइट, एक छोटंसं कॉलेज. शिकागो 6–0 असं हरलं. पुढे वाबाशला 12–2 हरवून थोडी अब्रू राखली. मग हार्वर्ड आलं आणि त्यामागून मिशिगन.

मिशिगनचा तो सामना जरा जवळून पाहण्यासारखा आहे. साठ मिनिटांत 85 गुण म्हणजे दर पाच मिनिटांना जवळजवळ एक टचडाउन आणि वरची किक. आजच्या प्रेक्षकाला वाटेल, बचावाची फळी बदलून पाहिली असती. पण त्या काळी बचावाची फळी वेगळी नव्हतीच. तेच अकरा जण चेंडू घेऊन धावायचे आणि चेंडू गेला की तेच अडवायला उभे राहायचे. बदली खेळाडूंवर कडक बंधन होतं: एकदा बाहेर गेलेल्याला त्याच क्वार्टरमध्ये परत येता येत नसे. तेव्हा ज्याच्या बाकावर पहिल्या अकरांच्या तोडीचे दुसरे अकरा बसलेत त्याला तिसऱ्या-चौथ्या क्वार्टरमध्ये समोरचा दमलेला संघ आयताच सापडे. मिशिगनच्या बाकावर तसे होते, शिवाय मैदानात टॉम हार्मन होता, ज्याला पुढच्या वर्षी तोच करंडक मिळाला. शिकागोच्या बाकावर अभ्यासातून वेळ काढून आलेली हौशी मुलं होती. डोक्यावर चामडी हेल्मेट, जे सक्तीचं झालं तेही त्याच वर्षी. तोंडापुढे जाळी नाही. सव्वाशे-दीडशे पौंडांचं पोर दोनशे पौंडांच्या धडका साठ मिनिटं खात राहिलं तर त्याला ‘अनुभव’ म्हणणं मला तरी जमत नाही.

आणखी एक बोचरी गोष्ट. मिशिगनच्या प्रशिक्षकाचं नाव फ्रिट्झ क्रायस्लर. हे शिकागोचेच माजी विद्यार्थी, स्टॅग यांच्या हाताखाली याच मैदानावर घडलेले. ‘फ्रिट्झ’ हे नावही स्टॅग यांनीच पाडलेलं. घरचं विद्यापीठ म्हणून क्रायस्लर यांनी हात आखडता घेतला असता तरी 85 चे फार तर 60 झाले असते. दोन संघांतलं अंतर दयामायेने भरून येण्यापलीकडे गेलं होतं.

उरलेला हंगाम सांगण्यासारखा नाही, एक सामना सोडून. ओहायोच्या ओबर्लिन कॉलेजला शिकागोने 25–0 हरवलं. हा निकाल सहसा कुणी मोजत नाही. मला तो सगळ्या हंगामाची किल्ली वाटतो. बेलॉइट, वाबाश, ओबर्लिन ही तिन्ही छोटी, अभ्यासाला महत्त्व देणारी, फुटबॉल हौसेने खेळणारी कॉलेजं. त्या तिघांविरुद्ध शिकागोचा हिशेब: दोन विजय, एक पराभव, 37 गुण केले, 8 दिले. बाकी पाचांविरुद्ध 0 आणि 300. म्हणजे एकाच हंगामात दोन वेगवेगळे संघ दिसतात. पहिला आपल्या बरोबरीच्यांत बऱ्यापैकी खेळणारा. दुसरा, चाळीस वर्षांपूर्वीच्या इभ्रतीपायी दरवर्षी ठरलेल्या वेळापत्रकात उभा केला जाणारा बळीचा बकरा.

कोच नालायक होता का?

हा प्रश्न त्या वेळी विचारला गेलाच. सात वर्षांत 17 विजय, 34 पराभव, 4 बरोबरी. आकडेवारीवर माणूस उडवायचा तर उडवावाच असा हिशेब. संघ बंद झाल्यावर शॉनेसी यांना स्टॅनफर्डने बोलावलं. स्टॅनफर्डची स्वतःची अवस्था काही धड नव्हती. 1939 मध्ये त्यांचा एकच विजय होता, सात पराभव आणि एक बरोबरी. 85–0 हरलेला प्रशिक्षक आणल्याबद्दल तिथल्या लोकांनी काय बोटं मोडली असतील याची कल्पना करता येते.

मग 1940 चा हंगाम झाला. शॉनेसी यांनी टी-फॉर्मेशन नव्याने बसवलं. क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू, थेट सेंटरच्या (चेंडू मागे देणाऱ्याच्या) मागे, चेंडू त्याच्या हातात, मागच्या फळीतला एक जण आडवा धावत सुटलेला, आणि खरा चेंडू कुणाकडे हे समोरच्याला कळेपर्यंत पाच यार्ड गेलेले. क्वार्टरबॅक फ्रँकी अल्बर्ट चलाख होता, पण अंगाने दांडगा नाही. जुन्या सिंगल-विंग पद्धतीत तो अडखळत होता, इथे चेंडू लपवण्याची त्याची हातचलाखी कामी आली. आदल्या वर्षीच्या बऱ्याचशा त्याच मुलांना घेऊन स्टॅनफर्डने दहाच्या दहा सामने जिंकले, त्यात 1 जानेवारी 1941 चा रोज बाउल हा मानाचा सामनाही आला: नेब्रास्काविरुद्ध 21–13. शिवाय डिसेंबर 1940 मध्ये शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाने वॉशिंग्टनला अंतिम सामन्यात 73–0 असं चिरडलं. त्या तयारीत बेअर्सचे प्रशिक्षक जॉर्ज हॅलस यांच्या मदतीला शॉनेसी होते. शिकागोत असतानाच या दोघांची टी-फॉर्मेशनवर खलबतं चालत. विद्यापीठाच्या मैदानावर मार खाणारा माणूस त्याच शहरात पुढच्या पन्नास वर्षांच्या फुटबॉलचा आराखडा आखत बसला होता.

एकच प्रशिक्षक, तेरा महिन्यांत दोन विजय-सहा पराभवांवरून दहा विजय-शून्य पराभव. कोचवर खापर फोडणाऱ्यांचं तोंड इथे बंद होतं.

मग दोष बाकावरच्या तुटपुंज्या मुलांचा? इथेही घाई नको. त्याच 1939 मध्ये, त्याच बिग टेनमध्ये, आयोवाचा संघ होता. आदल्या वर्षी त्यांचाही एकच विजय. खेळाडू इतके कमी की मोजकीच मुलं सामनेच्या सामने पूर्ण साठ मिनिटं खेळत. लोक त्यांना ‘आयर्नमेन’, म्हणजे लोखंडी माणसं, म्हणू लागले. प्रशिक्षक एडी अँडरसन, आणि मैदानात नाइल किनिक. त्यांनी नोत्र दामला 7–6 आणि मिनेसोटाला 13–9 असं हरवलं, हंगामात सहा विजय मिळवले, फक्त मिशिगनशी हरले, आणि किनिकला करंडक मिळाला. किनिक अभ्यासातही हुशार होता. पुढे नौदलात वैमानिक झाला आणि 1943 साली सरावाच्या उड्डाणात गेला.

तेव्हा थोडी मुलं असणं किंवा हुशार मुलं असणं हे एकटं कारण पुरत नाही. फरक असा की आयोवातली ती थोडी मुलं फुटबॉलसाठी निवडलेली होती, आणि तो खेळ विद्यापीठाला हवा होता. शिकागोतली मुलं प्रयोगशाळेतून उठून सरावाला येत होती आणि त्यांचं विद्यापीठ त्यांच्या खेळाविरुद्ध साप्ताहिकात लेख लिहीत होतं.

निर्णय

विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष हॅरल्ड स्विफ्ट, मांसाच्या मोठ्या व्यापारी घराण्यातले, स्वतः फुटबॉलचे जुने शौकीन. हंगाम संपल्यावर त्यांनाही बाजू मांडता येईना. 21 डिसेंबरच्या निवेदनाचा आशय सरळ होता: विद्यापीठाला सगळ्या विद्यार्थ्यांचा व्यायाम आणि खेळ हवेच आहेत, पण इथल्या परिस्थितीत आंतरविद्यापीठ फुटबॉलपासून विद्यार्थ्यांना वेगळा काही लाभ उरलेला नाही. बाकीचे खेळ बिग टेनमध्ये चालू राहिले. तो गट शिकागोने औपचारिकपणे सोडला 1946 मध्ये.

घोषणेसाठी नाताळाच्या सुट्टीच्या तोंडाचा मुहूर्त साधला, हा योगायोग नसावा असं माझं मत. मुलं घरी गेलेली, माजी विद्यार्थी सणात गुंतलेले. नव्या वर्षात हचिन्स विद्यार्थ्यांसमोर उभे राहिले आणि निर्णयाचं समर्थन केलं.

तत्त्वाचा प्रश्न असेल तर हचिन्स बरोबर होते. विद्यापीठाच्या नावावर भाडोत्री संघ पोसण्यापेक्षा संघ नसलेला बरा, यात चूक काय? पण तत्त्व 1931 सालीच पक्कं असताना त्याची अंमलबजावणी 1939 च्या डिसेंबरात होते, याचा जाब त्यांनाच द्यावा लागेल. मधल्या काळात माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या होत्या, मंदीने खिळखिळे झालेले हिशेब होते, सुमारे 50,000 प्रेक्षकांसाठी बांधलेलं मैदान होतं. या सगळ्यांना एकदम दुखवायची तयारी नव्हती. मग सोयीचा रस्ता असा निघाला की संघाला आपोआप इतका हरू द्यायचा की बंद करताना कुणी आड येणार नाही. असं कुणी मुद्दाम ठरवलं असा माझा आरोप नाही. ठरवायची गरजच पडली नाही, काहीही न करणं पुरेसं होतं.

तिसरा मार्ग 1939 च्या निकालांतच लिहिलेला होता: मिशिगन-ओहायो स्टेट सोडा, ओबर्लिन-वाबाशशी खेळा. त्याने हचिन्स यांचं तत्त्व शाबूत राहिलं असतं आणि मुलांचा खेळही. पण एकेकाळच्या विजेत्याने खालच्या पंगतीत बसायचं हे स्टॅग यांच्या जुन्या चाहत्यांना पचलं नसतं. आणि सर्व किंवा काहीच नाही, असा हचिन्स यांचा स्वभाव. दोन्ही बाजूंच्या अभिमानात मधला रस्ता बुजला.

इतर विद्यापीठं शिकागोच्या मागोमाग येतील अशी काहींची आशा होती. बिग टेनमधलं एकही आलं नाही. ज्यांची पोटं तिकिटांवर भरत होती त्यांनी 85–0 मधून उलटाच धडा घेतला: खेळाडू कमी पडू देऊ नका. शिकागोची रिकामी जागा मिशिगन स्टेटने भरली.

रिकामं स्टॅग फील्ड फार दिवस रिकामं राहिलं नाही. 2 डिसेंबर 1942 रोजी त्याच्या पश्चिमेकडच्या प्रेक्षागृहाखालच्या रॅकेट्स कोर्टात एन्रिको फर्मी यांच्या चमूने पहिली नियंत्रित अणुसाखळी-प्रक्रिया घडवून आणली. फुटबॉल बंद झाला म्हणून अणुयुग आलं असं सांगायला लोकांना आवडतं. ते काही खरं नाही, कारण कोर्ट प्रेक्षागृहाखाली होतं आणि वर सामने नसणं ही फक्त सोय होती.

फुटबॉल शिकागोला परत आला तोही कुणा कुलगुरूंच्या हुकमाने नाही. साठच्या दशकात विद्यार्थ्यांनी आधी क्लबच्या नावाखाली खेळायला सुरुवात केली. 1963 साली दुसऱ्या कॉलेजाशी सामना ठरला तेव्हा विरोधातले विद्यार्थी मैदानावर ठिय्या देऊन बसले होते. 1969 मध्ये संघाला पुन्हा अधिकृत दर्जा मिळाला. खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या डिव्हिजन थ्री गटात तो आजही खेळतो आहे, आणि त्याच्या वेळापत्रकात मिशिगन किंवा ओहायो स्टेट नसतात.